निळा नसलेला समुद्र

समुद्राचं चित्र आणि त्यात निळा रंग नाही. फिल्म जुनी झाली, निळा उडून गेला, असं नव्हे. तो पहिल्यापासूनच नव्हता. ज्या यंत्रानं तो समुद्र टिपला त्या यंत्राला निळा येतच नव्हता.

चित्राचं नाव 'द टोल ऑफ द सी'. साल १९२२. मुकं चित्र, अमेरिकेतलं, टेक्निकलर कंपनीनं काढलेलं. दोस्तहो, तुम्ही म्हणाल, आपल्या अंकात पानांची एवढी टंचाई, कवितांना जागा पुरत नाही, आणि हा अमेरिकेच्या शंभर वर्षांपूर्वीच्या सिनेमाचं काय घेऊन बसला? मलाही आधी तसंच वाटलं होतं. रातपाळी करून आलो, खोलीवर मोबाईलवर हे चित्र लावलं, तर बाजूला लवंडलेला मित्र म्हणाला, "समुद्र असा शेवाळ्यागत का रं? मोबाईल बिघडला का तुझा?" मोबाईल बिघडला नव्हता. त्याच्या त्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता हा लेख झाला.

मी रंगखात्यातला माणूस. कापडाला रंग कसा चढतो, कुठं चढत नाही, शेड का हुकते हे रोज बघतो. म्हणून या चित्राची गोष्ट मी सिनेमावाल्यांसारखी नाही सांगणार, रंगाऱ्यासारखी सांगणार.

आधी फिल्म म्हणजे काय ते बघू. त्या काळची फिल्म कापसाची. कापूस नायट्रिक आम्लात मुरवून नायट्रेट करायचा, त्याची पारदर्शक पट्टी ओढायची. याच कुळातून बंदुकीची दारूही होते. म्हणून ती फिल्म भडकन पेटते, आणि एकदा पेटली की पाण्यात बुडवली तरी विझत नाही. या पट्टीवर जिलेटिनचा थर, त्या थरात चांदीचे कण. आता हे जिलेटिन म्हणजे कोण? आपला सरसच तो, जरा साफसूफ केलेला. मेलेल्या-कापलेल्या ढोराची हाडं आणि कातडी उकळून काढतात. ज्या कामापायी आपल्या बापजाद्यांना गावकुसाबाहेर ठेवलं, त्याच हाडा-कातड्याच्या चिकीवर जगातले सगळे गोरेगोमटे नट-नट्या उभे आहेत. चांदी चमकली, सरसाचं नाव कुणी घेतलं नाही. हे आपलं जाता जाता.

टेक्निकलर ही कंपनी १९१५ साली निघाली. हर्बर्ट काल्मस, डॅनियल कॉमस्टॉक आणि बर्टन वेस्कॉट या तिघांनी काढली. पहिले दोघे बोस्टनजवळच्या एम.आय.टी.चे, नावातला 'टेक' तिथलाच. १९१७ साली त्यांनी 'द गल्फ बिटवीन' नावाचं पहिलं चित्र केलं. त्यात रंग फिल्मवर नव्हताच. दाखवणाऱ्या यंत्रात लाल आणि हिरव्या काचा लावून दोन चित्रं पडद्यावर एकावर एक पाडायची. ती चित्रं तंतोतंत बसायची नाहीत. छपाईखात्यात एक रंग सरकला की फुलाची पाकळी एकीकडे आणि तिची कड दुसरीकडे जाते, तसलाच प्रकार. त्या चित्राचे आज काही सुटे तुकडेच उरलेत.

मग त्यांनी ठरवलं, रंग फिल्मवरच चढवायचा. तो असा. कॅमेऱ्यात लोलक बसवून उजेडाचे दोन भाग करायचे. एक भाग लाल काचेतून, एक हिरव्या काचेतून, आणि दोन्हींची चित्रं एकाच काळ्यापांढऱ्या निगेटिव्हवर एका दमात घ्यायची. एक सुलटं, एक उलटं, पायाला पाय लावून. नंतर लालवाल्यांची वेगळी पट्टी काढायची आणि हिरव्यावाल्यांची वेगळी. या पट्ट्या नेहमीच्या फिल्मच्या निम्म्या जाडीच्या. चांदी काढून टाकायची आणि पट्टी रंगात बुडवायची. लाल काचेतून आलेली हिरव्या रंगात, हिरव्या काचेतून आलेली लाल-नारिंगीत. वाचताना उलटं वाटतं. पण नीट बघा. जिथून लाल उजेड आला नाही तिथंच हिरवा चढतो, आणि जिथून हिरवा आला नाही तिथं लाल. शेवटी दोन्ही पट्ट्या पाठीला पाठ लावून चिकटवायच्या. झाली रंगीत फिल्म.

आता निळा यायचा कुठून? भांडी दोनच, एकात लाल-नारिंगी, दुसऱ्यात निळसर हिरवा. निळं आकाश, निळं पाणी, जांभळं फूल यांची नोंदच कुठं झाली नाही. ते सगळं हिरवट करड्यात ढकललं गेलं. पिवळाही धड येत नव्हता. दोनच रंग घ्यायचे होते तर हेच दोन का घेतले? कारण माणसाची कातडी बरी दिसायला पाहिजे होती. त्याच्या जोडीला झाडंपानं. आणि माणूस म्हणजे त्यांच्या लेखी गोरा माणूस, त्याच्या गालावरची लाली. ती लाली साधली की बाकी जगाचं काय व्हायचं ते होवो. रंगाची पंगत बसली तेव्हा कुणाला पान मिळालं आणि कुणाला नाही, ते तुम्हीच बघा.

पण इथं इतिहासानं गंमत केली. गोऱ्या गालांसाठी बनवलेलं हे यंत्र ज्या चेहऱ्यावर सगळ्यात जास्त वेळ रोखलं गेलं, तो चेहरा गोऱ्या बाईचा नव्हता. तो होता अ‍ॅना मे वाँग हिचा. जन्म १९०५, लॉस एंजेलिस. बाप चिनी, वाँग सॅम सिंग, त्याची लाँड्री. लोकांचे कपडे धुणारं घर. घरातलं नाव वाँग लिऊ त्साँग. पोर शाळा बुडवून सिनेमाच्या शूटिंगभोवती घुटमळायची. तिला नायिकेचं पहिलं काम मिळालं ते याच चित्रात, वय सतरा.

चित्र चेस्टर फ्रँकलिननं दिग्दर्शित केलं, गोष्ट फ्रान्सिस मॅरिअन या बाईंनी लिहिली. गोष्ट 'मादाम बटरफ्लाय'चीच, जपानऐवजी चीनमध्ये नेलेली. कमळफूल नावाच्या मुलीला किनाऱ्यावर वाहून आलेला अमेरिकन माणूस सापडतो. ती त्याला वाचवते. त्यांचं चिनी रिवाजानं लग्न होतं. त्याचे दोस्त त्याला समजावतात आणि तो तिला सोडून देशी निघून जातो. तिला मुलगा होतो. ती वाट बघत राहते. शेजारणींनी टोमणे मारू नयेत म्हणून खोटी पत्रं स्वतःच लिहून वाचून दाखवते. मग तो येतो, गोरी बायको घेऊन. कमळफूल आपलं पोर त्या बाईच्या हवाली करते, आपण फक्त दाई होतो असं पोराला सांगते, आणि स्वतःला समुद्राच्या स्वाधीन करते.

म्हणजे बघा, वाचवायचं तिनं, पोर जन्माला घालायचं तिनं, आणि मरायचंही तिनंच. त्या गोऱ्याला कुणी बोट लावत नाही. आपल्याकडं पाटलाच्या पोरानं आणि वाड्यातल्या धन्यानं किती कमळफुलं विहिरीत घातली त्याची नोंद कुठल्या दप्तरात नाही.

आणि लेखिकेला गोष्ट तरी दुसऱ्या कुठल्या वळणावर नेता आली असती? १८८२ सालापासून अमेरिकेत चिनी मजुरांना येण्याची बंदी. ती उठली १९४३ साली. कॅलिफोर्नियात गोऱ्या माणसानं चिनी माणसाशी लग्न केलं तर ते कायद्यानं लग्नच नाही. तिथल्या कोर्टानं तो कायदा मोडला १९४८ साली, आणि साऱ्या देशात असले कायदे गेले १९६७ साली. हे चित्र आलं त्याच १९२२ साली अमेरिकेनं आणखी एक कायदा केला : तिथल्या बाईनं नागरिक होऊ न शकणाऱ्या परदेशी माणसाशी, म्हणजे आशियातल्या माणसाशी, लग्न केलं तर तिचंच नागरिकत्व जाणार. अ‍ॅना मे वाँग अमेरिकेत जन्मली, तरी देशाबाहेर जाताना तिला परत येण्यासाठी आधी अर्ज करून आपण इथल्याच आहोत हे पटवून द्यावं लागे. बाबासाहेबांनी १९१६ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कला, कोलंबिया विद्यापीठात जातींवरचा निबंध वाचला. जातीचं मर्म जातीतल्या जातीत लग्न लावण्यात आहे, हे त्यांनी तेव्हाच दाखवून दिलं. त्याच न्यूयॉर्कात, रिआल्टो थिएटरात, २६ नोव्हेंबर १९२२ ला हे चित्र लागलं. सहा वर्षांत विषय काही बदलला नव्हता. फक्त त्याला दोन रंग चढले होते.

शूटिंगची एक गोष्ट सांगायलाच पाहिजे. उजेडाचे दोन भाग केले की उजेड निम्मा होतो, वर काचा तो आणखी खातात. तेव्हाच्या दिव्यांचं काही चालेना. म्हणून अख्खं चित्र उन्हात घेतलं. घराच्या आतला एक देखावा होता तोही उन्हातच, वर मलमलीचं कापड ताणून. ऊन गाळायला मलमल! कुठल्या गिरणीतली होती कोण जाणे. विणणाऱ्याला काय माहीत आपलं कापड कशाला लागणार आहे.

चित्र चाललं. अडीच लाख डॉलरच्या वर धंदा झाला, त्यातले सुमारे एक लाख पासष्ट हजार टेक्निकलरला मिळाले. प्रिंटा मात्र भराभर निघेनात, म्हणून गावोगाव पोचायला १९२३ उजाडलं. या चिकटवलेल्या प्रिंटांचं दुखणंही होतं. दाखवण्याच्या यंत्राच्या उष्णतेनं दोन पट्ट्या कमीजास्त ताणायच्या आणि फिल्म वाटीसारखी फुगायची, कधी या बाजूला, कधी त्या. पडद्यावर चित्र धूसर. पुढं पुढं तर प्रिंटा परत बोस्टनला पाठवून सपाट करून घ्याव्या लागत. दोन्ही अंगांना रंग, म्हणून ओरखडेही दुप्पट. कंपनीनं १९२८ साली ही पद्धतच टाकली आणि एकाच फिल्मवर रंग ठशासारखा उमटवायला लागली. निळा यायला मात्र १९३२ उजाडलं, तीन रंगांची पद्धत आली तेव्हा. ती पहिल्यांदा वापरली डिस्नेच्या एका कार्टूनमध्ये.

मग 'टोल ऑफ द सी'ला कोण विचारतो? बोलपट आले, मुकी चित्रं गोदामात गेली. नायट्रेटची फिल्म नुसती ठेवली तरी मरते. आधी रंग-रूप फिकं पडतं, मग चिकट होते, मग फोड येतात, शेवटी तपकिरी भुकटी. अमेरिकेच्या काँग्रेस लायब्ररीनं २०१३ साली हिशोब मांडला : १९१२ ते १९२९ मध्ये तिथं १०,९१९ मोठी मुकी चित्रं निघाली, त्यातली मूळ रूपात उरली फक्त १४ टक्के. अमेरिकेसारख्या पैसेवाल्या देशाची ही गत. आपल्याकडं तर मूकपटांच्या रिळांतली चांदी काढून विकली गेली.

आणि जी उरतात ती कुणाची? केरळात पी. के. रोझी नावाची पुलय जातीची मुलगी होती. जे. सी. डॅनियलच्या 'विगतकुमारन' या पहिल्या मल्याळी चित्राची नायिका. तिनं नायर बाईचं काम केलं, म्हणून तिरुवनंतपुरमच्या थिएटरात सवर्णांनी दंगा केला, पडद्यावर दगड मारले. तिला गाव सोडून पळावं लागलं. पुन्हा तिनं कधी काम केलं नाही. त्या चित्राचं आज एक रीळ उरलेलं नाही. अ‍ॅना मे वाँगचा चेहरा आपण बघू शकतो, रोझीचा पडद्यावरचा चेहरा कुणालाच बघता येत नाही. लाँड्रीवाल्याची पोर आणि पुलयाची पोर, दोघी एकाच दशकातल्या. एकीची फिल्म एका कंपनीची मालमत्ता होती म्हणून तिजोरीत राहिली. दुसरीच्या फिल्मला तिजोरी नव्हती.

'टोल ऑफ द सी' हेही गेलंच असं पुष्कळ वर्षं धरून चालले होते. पण मूळ निगेटिव्ह सापडलं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिसच्या फिल्म-संग्रहात रॉबर्ट गिट आणि रिचर्ड डेटन या दोघांनी १९८५ साली त्यावरून चित्र पुन्हा उभं केलं.

इथं रंगाऱ्याचं डोकं चालतं बघा. सापडलं ते निगेटिव्ह काळंपांढरं. त्यात रंगाचा ठिपका नाही. रंग होता तो प्रिंटांत, आणि रंग म्हटला की तो विटणारच. निगेटिव्हमध्ये काय होतं? एकाच देखाव्याच्या दोन काळ्यापांढऱ्या साक्षी. एक लाल काचेची, एक हिरव्या काचेची. दोन साक्षींमध्ये जेवढा फरक, तेवढाच रंग. म्हणजे साठ वर्षं रंग टिकला तो रंगात नाही, काळ्यापांढऱ्यातल्या तफावतीत टिकला. मला हे कळलं तेव्हा मी जिगरवर उभा होतो. हसूच आलं. आम्ही पक्का रंग, पक्का रंग म्हणून मरतो.

तर त्यांनी काय केलं? निगेटिव्हमधली एकाआड एक चित्रं वेगळी काढली, उलटी होती ती सुलटी केली, आणि आताच्या रंगीत फिल्मवर दोन्ही एकावर एक बसवली. बसवताना केसाएवढं सरकलं तरी कडांना झालर दिसते, आणि जुनी फिल्म तर आकसलेली असते. त्यातनं शेड ठरवायची. निगेटिव्ह सांगतं किती, कोणता ते सांगत नाही. लाल म्हणजे शेंदरी की विटकरी? हिरवा म्हणजे पोपटी की मोरपंखी? इथं माणसाची नियत लागते. आताच्या फिल्मला तिन्ही रंग येतात. जरा हात सैल सोडला असता तर समुद्र निळा झाला असता आणि बघणारे खूश झाले असते. त्यांनी तो केला नाही. १९२२ चं यंत्र जेवढं बघू शकत होतं तेवढंच दाखवलं. आकाश हिरवट, पाणी हिरवट, अ‍ॅनाचे कपडे लाल आणि बागेतली फुलं लाल. आणि तिचा चेहरा. ती रडते तेव्हा डोळ्याच्या कडा लाल होतात, ते खरं वाटतं.

एक भोक मात्र राहिलं. चित्राचा शेवट, समुद्राचा देखावा, निगेटिव्हमध्ये नव्हता. तिथं काय करायचं? त्यांनी टेक्निकलरचा जुना दोन रंगांचा अस्सल कॅमेरा मिळवला आणि कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर जाऊन मावळतीचा समुद्र नव्यानं टिपला. कुणा दुसऱ्या मुलीला चिनी कपडे घालून पाण्यात उतरवलं नाही. नुसता समुद्र. मला ते पटलं. आपले काही लोक जुन्या पोवाड्यातलं गळालेलं कडवं स्वतः रचून घालतात आणि सांगत नाहीत, त्यांनी हे बघावं.

घरी बघण्यासाठी हे चित्र २००० साली आलं. अमेरिकेच्या फिल्म-जतन प्रतिष्ठाननं पन्नास जुन्या चित्रांचा चार डीव्हीडींचा संच काढला, त्यात हे. पियानो मार्टिन मार्क्स यांचा. घरच्या पडद्याचं गणित पुन्हा निराळं. टीव्ही काय, मोबाईल काय, त्याच्या काचेत तीन जातीचे ठिपके असतात, लाल, हिरवा, निळा. म्हणजे १९२२ च्या यंत्राला नसलेला निळा इथं घरात फुकट हजर. कुणीही बटण दाबून समुद्र निळा करू शकतो. आता तर कॉम्प्युटर आपणहून जुन्या चित्रांना रंग फासतो, आकाश दिसलं की निळं करून मोकळा होतो. माझ्या मित्रानंही तेच केलं. मोबाईलवर कुठलंसं अ‍ॅप लावून म्हणाला, "हे बघ, आता कसा झकास." समुद्र निळाशार झाला होता आणि अ‍ॅनाचा चेहरा चुन्यागत पांढरा. एका रंगाला बाहेरून आत घेतला, तर त्यानं दुसऱ्याचा जीव घेतला. आपल्याला निळ्याचं प्रेम किती ते मी सांगायला नको. तरी मी त्याला म्हणालो, काढ ते. निळा जिथं नव्हता तिथं नव्हता हे दिसलं पाहिजे. नाहीतर उद्या कुणीतरी म्हणेल, तेव्हा सगळंच होतं की, तक्रार कसली?

अ‍ॅना मे वाँगचं पुढं काय झालं ते थोडक्यात. नावाजली गेली, पण वाट्याला दुष्ट बाई नाहीतर मरणारी बाई. वैतागून १९२८ साली युरोपात गेली, तिथं मोठी झाली, परत आली. १९३७ साली एम.जी.एम.नं 'द गुड अर्थ' काढलं. चिनी शेतकऱ्यांची गोष्ट. 'टोल ऑफ द सी' वाटणारी मेट्रो कंपनी १९२४ सालीच या एम.जी.एम.मध्ये मिसळलेली, म्हणजे घर जुनंच. नायिकेचं काम अ‍ॅनाला मिळेल असं लोक धरून होते. नायक ठरला गोरा, पॉल म्युनी, चिनी रंगरंगोटी करून. मग नायिकाही गोरी, लुईझे रायनर. तिला त्या कामाचं ऑस्कर मिळालं. अ‍ॅनाला कमळ नावाच्या वाईट बाईचं काम देऊ केलं. पुन्हा कमळच! ती नाही म्हणाली. १९६१ साली गेली. आणि २०२२ साली, चित्राला बरोबर शंभर वर्षं झाली तेव्हा, अमेरिकेच्या सरकारनं पाव डॉलरच्या नाण्यावर तिचा चेहरा छापला. नाण्याला रंग नसतो.

पहाटे पाळीवरून आल्यावर मी ते चित्र पुन्हा लावलं, अ‍ॅप काढून, मूळ जसं आहे तसं. मित्र उठून चहा टाकत होता. शेवटी तो १९८५ साली टिपलेला समुद्र आला. तांब्याचा सूर्य, हिरवट पाणी, आणि किनाऱ्यावर कुणी नाही. मित्र पातेलं हातात धरून तसाच उभा राहिला आणि म्हणाला, "ती कुठाय?"